करंदीला आरओचं, आम्हाला टँकरचं!

दार लोटून घ्या आधी. आणि आवाज जरा खाली. या भिंती बिल्डरने कशाच्या बांधल्यात ते तुम्हाला ठाऊकच आहे. चौथ्या मजल्यावर फोडणीला मिरची पडली की दुसऱ्या मजल्यावर शिंका सुरू होतात.

तर परवाची गोष्ट. रविवार, सकाळची पाणी यायची वेळ. आमच्याकडे पाऊण तास पाणी येतं आणि त्या पाऊण तासात बिल्डिंगमध्ये कोणी आजारी पडत नाही, कोणी रुसत नाही, देवसुद्धा ताम्हनात निमूट बसून राहतात. अशा वेळी चौथ्या मजल्यावरच्या वहिनी जिन्यात दिसल्या, हातात दुकानातून विकत आणलेली पाण्याची बाटली. मी म्हटलं, "अहो, आरओ आहे ना घरात? बिघडला की काय?" तर म्हणतात, "आरओ ठणठणीत आहे हो. पण रात्रभर गाळलेलं सगळं पाणी ह्यांनी उचललं. आज करंद्यांचं पाणी बदलायचंय."

मला वाटलं, बाजारातून करंदी आणली असेल, धुवायची असेल. पण नाही. या करंद्या धुवायच्या नाहीत, सोलायच्या नाहीत, आणि ऐका, खायच्यासुद्धा नाहीत. नुसत्या बघायच्या! आता तुम्हीच सांगा, अर्नाळ्यापासून पाचूबंदरापर्यंत जिथे जन्मल्यापासून पोराच्या नाकात सुकटीचा वास बसतो, त्या वसईत शहाणासुरता बाप्या करंदी विकत आणतो आणि तिला पालक उकडून घालतो? बायकोने पालकाची भाजी केली तर हाच माणूस नाक मुरडतो.

मी मुद्दाम वर जाऊन बघून आले. हॉलमध्ये पूर्वी जिथे शोकेस होतं, काचेची बाहुली आणि महाबळेश्वरची आठवण वगैरे, तिथे आता दोन फुटांची काचेची पेटी. साठेक लिटरची. आत वाकडंतिकडं लाकूड, दगड, त्यावर हिरवंगार मॉस, आणि त्या मॉसवर इंच-इंचभर लांबीचे लालभडक किडे चरतायत. चरतायतच म्हणायचं, पुढच्या बारीक हातांनी एकसारखं काहीतरी वेचून तोंडात टाकणं चालू. निवडणं म्हणतात ते हेच. आमच्या सासूबाई तांदूळ अशाच निवडायच्या. यांना म्हणे चेरी श्रिंप म्हणतात. मूळची तैवान-चीनकडच्या ओढ्यांतली, गोड्या पाण्यातली, रंगाने अगदी मातकट. माणसांनी त्यातली जरा लालसर दिसली ती बाजूला काढून, तिची पोरं वाढवून, त्यातली आणखी लाल निवडून हा रंग आणलाय. आता त्यात प्रतवारी आहे : चेरी, साकुरा, फायर रेड. ब्लडी मेरी वेगळी, निळी वेगळी, पिवळी वेगळी. वधू-वर मेळाव्यातसुद्धा रंगाचा एवढा कीस काढत नाहीत.

किंमत विचारलीत? साधी लाल घेतली तर चाळीस-पन्नास रुपयांना एक. एक! मी हे आमच्या नेहमीच्या मासळीवाल्या मावशींना सांगितलं. त्यांनी वाटा लावता लावता हात थांबवला, माझ्याकडे बघितलं आणि विचारलं, "नथ घालून येते का गो ती?"

बरं, हौस म्हटली की पैसा जातो, ते एक वेळ सोडा. कोणी घोड्यांवर पैसे लावतं, कोणी शेअर घेतं. पण पाणी? वसईत? इथे आपण सूर्या, उसगाव, पेल्हार, पापडखिंड ही नावं माहेरच्या माणसांसारखी घेतो. पेल्हार भरलं का, उसगाव किती राहिलं, अशी चौकशी जून संपता संपता सुरू होते. सूर्या योजनेचे 403 दशलक्ष लिटर, त्यातले 185 आपल्याला आणि 218 मीरा-भाईंदरला, हे आकडे आमच्याकडे पाढ्यांसारखे पाठ आहेत. लग्न ठरवताना मुलीकडचे मुलाचा पगार नंतर विचारतात, आधी विचारतात, "पाणी किती वेळ येतं?" आणि या गावात हा गृहस्थ आरओचं दहा लिटर पाणी गाळतो. घरगुती आरओ एक बादली गोड पाणी द्यायला दोन-तीन बादल्या सहज ओतून टाकतो. वहिनी त्या टाकलेल्या पाण्याने लादी पुसतात, संडासात वापरतात, गॅलरी धुतात. अलीकडे त्यांची गॅलरी फारच स्वच्छ असते, तेव्हाच मला संशय यायला हवा होता.

पण खरी मजा पुढे आहे. त्या गाळलेल्या पाण्यात म्हणे क्षारच उरत नाहीत, आणि क्षार नसले की करंदीचं कवच धरत नाही. मग काय, बाजारातून पुडी आणायची आणि त्या पाण्यात चमच्याने क्षार घालायचे! म्हणजे आधी पैसे देऊन काढायचे, मग पैसे देऊन घालायचे. मी म्हटलं, "अहो भाऊजी, मग नळाचंच का घालत नाही?" तर त्यांनी खिशातून पेनासारखी काडी काढली. टीडीएस मीटर. पाण्यात विरघळलेलं किती आहे ते मोजतं. या लाल बायांना दीडशे ते अडीचशे लागतं. दुसरी एक लाल-पांढऱ्या पट्ट्यांची जात आहे, क्रिस्टल रेड, सुझुकी नावाच्या जपानी गृहस्थांनी 1990 च्या दशकात काढलेली. ती आणखी नखरेल, तिला शंभर-दीडशेच्या वर चालत नाही. आमच्या टँकरचं पाणी त्या काडीने नऊशे दाखवलं. नऊशे! गेली सहा वर्षं मी त्याच पाण्याने केस धुते आणि केस गळतात म्हणून तेलं बदलते.

ही काडी म्हणजे या मंडळींचं जानवं आहे, कायम अंगावर. विरारला ग्लोबल सिटीत आमच्या नणंदेच्या दिरालाही हाच नाद. तो मुलगी बघायला गेला. मुलीच्या आईने तांब्या-भांडं पुढे केलं, आणि या पठ्ठ्याने भांड्यात काडी बुडवून "तीनशे चाळीस" असं मोठ्याने सांगितलं. चांगलं पाणी आहे, एवढंच म्हणायचं होतं त्याला. स्थळ मोडलं.

आणि ते पाणी घालायची तऱ्हा बघाल तर हसाल. बादली उचलून ओतलं, असं नाही. खुर्चीवर बादली, तिच्यातून बारीक नळी, नळीला गाठ, आणि गाठीतून थेंब. टप... टप... टप. नवीन करंदी आणली की दोन-तीन तास हा कार्यक्रम, डब्यातलं पाणी हळूहळू तिप्पट होईपर्यंत. मी गेले तेव्हा आतल्या खोलीतून तो आवाज आला, टेबललॅम्प लावलेला, भाऊजी शेजारी स्टुलावर गंभीर चेहऱ्याने. मी दारातूनच विचारलं, "सलाईन कोणाला लावलंय?"

बरं, आठवड्याला बदलायचं किती? दहा टक्के. फार तर पंधरा. साठ लिटरला सहा लिटर. हे ऐकून माझा जरा विरसच झाला, खोटं कशाला बोलू. मी टँकरभर पाण्याची चर्चा तीन घरांत करून आले होते. भाऊजी म्हणाले, "वहिनी, आपला एक फ्लश याहून जास्त पाणी नेतो." यावर काय बोलणार? मी विषय उन्हाळ्यावर नेला. तिथे मात्र सापडले! मे महिन्यात पाणी तिशीच्या वर गेलं की या बाया माना टाकतात. त्यांना पंचवीसच्या आसपास बरं वाटतं. म्हणून पाण्यावर छोटा पंखा. वीज गेली तर हवेचा पंप बॅटरीवर. भर मे महिन्यात लाईट गेली, तेव्हा भाऊजींच्या मातोश्री पेपरने वारा घेत बसल्या होत्या आणि पलीकडे करंद्यांचे बुडबुडे चालू. म्हातारी म्हणाली, "पुढच्या जन्मी काय व्हायचं ते मी ठरवलंय."

पंख्याने पाणी उडतं, मग वरून भर घालावी लागते, तीसुद्धा निव्वळ आरओच्या पाण्याची, क्षार न घालता. का? तर पाणी उडतं, क्षार खालीच राहतात. हे मला चटकन कळलं. आमटी आटली की खारट होते. मग आपण त्यात मीठ घालतो की पाणी? तेच. एवढं सोपं भाऊजींनी अर्धा तास आकडे देऊन समजावलं.

आता जरा कानाजवळ या. यांच्या खाजगी भानगडी! मादी कात टाकते. हो, सापासारखी, अख्खं कवच काढून ठेवते. ते पाण्यात तरंगताना बघितलं की वाटतं मेलीच एखादी. (काढून टाकायचं नाही बरं का, त्या नंतर तेच खातात, चुन्यासाठी.) कात टाकली की तिचा वास पाण्यात पसरतो आणि सगळे नर येड्यासारखे टाकीभर पोहत सुटतात. मग तिच्या पोटाखाली वीस-तीस अंडी, आणि ती बिचारी तीन-चार आठवडे पाय हलवून त्यांना वारा घालते. पोरं निघतात तीच आईची नक्कल, फक्त तिळाएवढी. हे बघायला ही बापे मंडळी टॉर्च आणि भिंग घेऊन रात्री अकराला काचेला नाक लावून बसतात. स्वतःच्या बायकोला सातवा लागला तेव्हा यातला एक कंपनीच्या पिकनिकला गेला होता, मला आठवतंय.

भाऊजी विरार फास्टमध्ये फोनवर बोलत होते, "आमच्याकडे तिघी पोटुशी आहेत. चौथीने काल कात टाकली आणि सगळे तिच्या मागे लागलेत." आजूबाजूचे सरकले म्हणे. विरार लोकलमध्ये माणूस चक्कर येऊन पडला तरी कोणी सरकत नाही. यांना चौथी सीट मिळाली.

या सगळ्याच्या मुळाशी कोण, तर ताकाशी आमानो नावाचा जपानी फोटोग्राफर. 1954 चा जन्म, आधी सायकलच्या शर्यती मारायचा. काचेच्या पेटीत डोंगर, कुरण, जंगल उभं करायचं वेड त्याने जगाला लावलं, आणि शेवाळ खायला करंद्या सोडायचं खूळही त्याचंच. एका जातीला तर नावच पडलं आमानो श्रिंप. त्याचं शेवटचं मोठं काम कुठे आहे माहितीय? लिस्बनच्या मत्स्यालयात. 40 मीटर लांब टाकी, 1,60,000 लिटर पाणी, 2015 साली उघडली आणि त्याच वर्षी तो वारला. त्याच लिस्बनच्या लोकांनी 1534 पासून 1739 पर्यंत वसईवर राज्य केलं, किल्ला बांधला. आपल्या हिशेबात सांगायचं तर 1,60,000 लिटर म्हणजे दहा हजारी टँकर सोळा. सोळा टँकर एका टाकीला! चिमाजी अप्पांना हे कळलं असतं तर ते तेवढ्यावर थांबले नसते.

तुम्ही विचाराल, हिला एवढं सगळं कसं माहीत? हां. आता विषय निघालाच आहे तर सांगते. आमच्याकडेही आहे.

डोळे मोठे करू नका. ह्यांनीच आणली, गेल्या पावसाळ्यात. आधी सव्वा महिना नुसती पाण्याची पेटी, आत एक जीव नाही. मी विचारलं तर म्हणाले, "पाणी तयार होतंय." पाणी काय पापड आहे तयार व्हायला? पण खरंच तसं असतं. करंदीच्या घाणीतून अमोनिया होतो, तो विषारी. त्याला खाणारे जंतू वेगळे, त्यातून नायट्राइट होतं, तेही विषारी. ते खाणारे आणखी वेगळे, मग नायट्रेट, ते थोडं चालतं, झाडं ओढून घेतात. हे जंतू फिल्टरच्या स्पंजवर, दगडांवर, काचेवर घर करतात आणि त्यांना घर करायला महिना-दीड महिना लागतो. आपल्या भाषेत, पाणी मुरावं लागतं. कैरीचं लोणचं दुसऱ्या दिवशी कोणी वाढतं का?

हे मला आता कळलंय. दिवाळीआधी कळलं नव्हतं.

दिवाळीआधी हे चार दिवस गावी गेले होते. मी घर काढलं साफ करायला. पंखे, माळा, डबे, सगळं झालं. हॉलमध्ये ती पेटी. मागच्या काचेवर तपकिरी-हिरवा बुळबुळीत थर. लाकडावर कसली तरी पांढुरकी साय. स्पंज तर बघवत नव्हता, काळामिट्ट. लक्ष्मी येणार त्या घरात हे? मी पदर खोचला. करंद्या भातवाढणीने पातेल्यात काढल्या, काचा नारळाच्या शेंडीने घासल्या, लाकूड घासलं, स्पंज नळाखाली धरून पिळपिळ पिळला, अगदी पिवळाधमक होईपर्यंत. मग बादलीने नवं कोरं पाणी भरलं. आदल्या दिवशी सोसायटीची टाकी धुतली होती, पाण्याला पावडरीचा वास होता. मला वाटलं, चांगलंय, जंतू मरतील.

मेले. सगळे मेले. जे हवे होते तेच आधी मेले.

दुसऱ्या दिवशी संध्याकाळी पेटी अशी चकाचक, की शेजारच्या काकू म्हणाल्या, "नवीन आणली का?" आणि आत करंद्या तळाशी आडव्या. काहींच्या मानेमागे पांढरा पट्टा, गळ्यात दोरा बांधावा तसा. पाणी एकाएकी बदललं की त्यांना अवेळी कात टाकावी लागते. जुनं कवच मधोमध फुटतं, नवं तयार नसतं, आणि बाई अर्धी आत, अर्धी बाहेर अशी अडकते. त्या पट्ट्याला हे लोक मरणाचा पट्टा म्हणतात. बत्तीस होत्या. सात उरल्या. जो थर मी घासून काढला तो त्यांचा डाळभात होता, आणि काळा स्पंज टाकीतल्याच काढलेल्या पाण्यात दोनदा खळबळायचा असतो, बस. तेही महिन्यातून एखादे वेळी.

हे परत आले. पेटीसमोर किती तरी वेळ उभे होते. मी स्वयंपाकघरातून म्हटलं, "ऑक्टोबरचा उकाडा फार झाला हो यंदा." त्यांनी चार दिवस फराळाला हात लावला नाही, सुतक पाळलं म्हणा ना. अजून त्यांना वाटतं उकाड्यानेच गेल्या. हे तुमच्या-माझ्यात. चौथ्या मजल्यावर तर अजिबात नको.

ह्यांचा एक कंपू आहे. त्यात एक निवृत्त मास्तर आहेत, पश्चिम पट्ट्यातले, वाडीवाले. त्यांची तर गावभर बदनामी झाली. रविवारी मिस्सा सुटली की लोक घरी जातात, मास्तर बदामाच्या झाडाखाली वाकून वाळकी पानं गोळा करतात. निवडून, डाग नसलेली. लोक म्हणायला लागले, पेन्शन अडकली बहुतेक, चुलीला सरपण नेतात. ती पानं टाकीत घालायची असतात; पाण्याला चहासारखा रंग येतो आणि पानावर जी साय धरते ती पिल्लं खातात. तरी ते राजोडीच्या किनाऱ्यावर समुद्रफेस शोधत फिरतात, करंद्यांना चुना मिळावा म्हणून, ते मी कोणाला सांगितलेलं नाही.

मास्तरांच्या वाडीत बावखल आहे. तुम्ही पूर्वेच्या, तुम्हाला कदाचित माहीत नसेल : वाडीच्या शिंपण्यासाठी पूर्वजांनी खणलेलं तळं. गिरीज, भुईगाव, निर्मळ, त्या सगळ्या पट्ट्यात होती. पावसाचं गोडं पाणी त्यात साठायचं, त्याने आसपासच्या विहिरींना गोडवा राहायचा, नाहीतर समुद्र आहेच टपलेला आत शिरायला. बरीच बुजली. मास्तरांच्याच चुलतभावाने त्याच्या वाटणीचं बावखल डेब्रिजने भरलं, वर इमारत उठवली, आणि त्या इमारतीत स्वतःच्या फ्लॅटमध्ये काय ठेवलंय? चार फुटांची टाकी. कडेला मातीचा उतार, वाकलेलं झाड, मॉस, खाली अंधूक पाणी. पाहुण्यांना सांगतो, "नॅचरल लूक." मॉसच्या मूठभर गोळ्याला दोनशे रुपये मोजले त्याने. मास्तर ती टाकी बघून घरी आले आणि आमच्याकडे चहा पिताना एवढंच बोलले, "आमच्या बावखलाचं पाणी कोणी कधी बदललं नाही. पाऊस वरून थोडं थोडं घालायचा, रहाट खालून थोडं थोडं काढायचा." ह्यांनी लगेच विचारलं, "म्हणजे आठवड्याला साधारण किती टक्के?" काही माणसांना कुठे गप्प बसावं ते कळत नाही.

आता शेवटची आणि सगळ्यात खमंग. टाकीतून काढलेलं जुनं पाणी हे कुंड्यांना घालतात. त्यात ते नायट्रेट असतं ना, खतच ते. आमचा मोगरा बघितलात? जिन्यापर्यंत वास येतो. पण ह्यांनी मध्यंतरी ते पाणी तुळशीला घातलं, आणि समोरच्या शाकाहारी काकूंनी ते गॅलरीतून पाहिलं. झालं! "तुळशीला कोळंबीचं पाणी?" बाईंनी खालच्या बाकावर बैठक भरवली. दोन तट पडले. एक म्हणे मासळीचं पाणी ते मासळीचंच. दुसरी म्हणे जिवंत आहे तोवर मासळी कुठली, गंगेत काय मासे नाहीत? मी मध्ये पडले. म्हटलं, "अहो, ती बिचारी पूर्ण शाकाहारी आहे. शेवाळ खाते, पालक खाते, शनिवारीसुद्धा." मेलेल्या सोबतिणीला ती सोडत नाही, हे मी त्यांना सांगितलं नाही.

काकू आठ दिवस माझ्याशी बोलल्या नाहीत. काल रात्री दहाच्या सुमाराला बेल वाजली. बघते तर काकू, पदराखाली दोन लिटरची रिकामी बाटली. त्यांची जास्वंद म्हणे महिनाभर कळीच धरत नाहीये. मी आत जाऊन बादलीतलं पाणी भरायला लागले, तर मागून हळूच म्हणाल्या, "ताजं नको हं. चांगलं मुरलेलं असेल ते द्या."